काँग्रेसमध्येच राहिलेला डावा संन्यासी : स्वामी रामानंद तीर्थ

दरवर्षी १७ सप्टेंबरला बीदर-कलबुर्गी भागात झेंडावंदन होतं, भाषणं होतात, सरदार पटेलांचं नाव घेतलं जातं. स्वामी रामानंद तीर्थांचं नाव मात्र सीमेपलीकडे लातूर-नांदेडात जास्त ऐकू येतं. नांदेडच्या विद्यापीठाला त्यांचंच नाव आहे. पण घराणं गुलबर्गा जिल्ह्यातलं, आणि देशाच्या पहिल्या लोकसभेत गुलबर्ग्याचे खासदार म्हणून गेले ते हेच स्वामीजी.

त्यांच्याबद्दल बोलताना एक गोष्ट हमखास राहून जाते. भगव्या कपड्यातला हा माणूस राजकारणात डावा होता. सोबतचे कितीतरी डावे काँग्रेसबाहेर गेले, स्वामीजी गेले नाहीत. त्याची किंमतही त्यांनी मोजली.

मूळ नाव व्यंकटेश खेडगीकर. जन्म ३ ऑक्टोबर १९०३, विजापूर जिल्ह्यातल्या सिंदगीचा. शाळा सोलापुरात. १९२० मध्ये लोकमान्य टिळक गेले तेव्हा या पोराने आजन्म अविवाहित राहून देशाचं काम करायचं ठरवलं, आणि असहकारात सरकारी शाळा सोडली. पुढे अमळनेर, मग पुण्याचं टिळक महाराष्ट्र विद्यापीठ. शिक्षण झाल्यावर कामगार पुढारी ना. म. जोशी यांचे सचिव म्हणून काम केलं. राजकारणाची पहिली शिकवणी अशी गिरणी कामगारांच्या प्रश्नांवर झाली. मोठ्या आजारपणाने ते काम सुटलं आणि स्वामीजी उस्मानाबाद जिल्ह्यातल्या हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिक्षक म्हणून आले. १९३२ मध्ये तिथे असतानाच संन्यास घेतला. १९३५ मध्ये बाबासाहेब परांजपे यांच्यासोबत अंबाजोगाईला जाऊन योगेश्वरी नूतन विद्यालय उभं केलं.

तेव्हाचं निझामाचं राज्य आजच्या पोरांना सांगून खरं वाटणार नाही. सभा घ्यायची तर परवानगी लागायची. आपल्या पट्ट्यात कुठे पायगा, कुठे जहागीर, कुठे निझामाची खासगी मालमत्ता असलेला सर्फेखास. कसणाऱ्याच्या नावावर जमीन नाही, वर लेव्ही आणि वेठ. त्यामुळे इथे निझाम जाणं आणि जमीन मिळणं हे कुळांच्या मनात एकच होतं. स्वामीजींनी हे ओळखलं होतं. हैदराबादच्या वकील मंडळींपैकी पुष्कळांना हळूहळू सुधारणा झाल्या तरी चालणार होत्या.

१९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेस रीतसर स्थापन होण्याआधीच तिच्यावर बंदी आली. ऑक्टोबरात सत्याग्रह सुरू झाला. गोविंदराव नानल यांच्या पहिल्या तुकडीत तेलंगणाचे रावी नारायण रेड्डी होते. पाठोपाठ स्वामीजीही तुरुंगात गेले. एकाच झेंड्याखाली निघालेल्या या दोघांच्या वाटा पुढे पार वेगळ्या झाल्या. रेड्डी कम्युनिस्ट झाले, आणि १९४४ मध्ये भोनगीरला आंध्र महासभा फुटली तेव्हा तिचा मोठा भाग त्यांच्याकडे गेला. तिथूनच पुढे तेलंगणाचा सशस्त्र लढा उभा राहिला. मराठवाड्यात आणि कन्नड जिल्ह्यांत डाव्या विचाराची बरीच तरुण मंडळी मात्र स्टेट काँग्रेसमध्येच राहिली, स्वामीजींच्या मागे.

१९४६ मध्ये बंदी उठली आणि अध्यक्षपदाची निवडणूक झाली. समोर होते मवाळ गटाचे बुर्गुला रामकृष्णराव. स्वामीजी अगदी थोडक्या मतांनी निवडून आले. तेवढ्या मतांनी पुढच्या दोन वर्षांचा रोख ठरला. तडजोडीची बोलणी मागे पडली, भारतात विलीनीकरणाची मागणी पुढे आली. १९४७ च्या ऑगस्टमध्ये त्यांना अटक झाली. बाहेर सोलापूर, बार्शी, गदगच्या बाजूने सीमेवर कँप उभे राहिले, करोडगिरी नाक्यांवर हल्ले झाले, शिंदीची झाडं तोडली गेली. काँग्रेस या एका नावावर सावकाराचा मुलगा आणि कुळाचा मुलगा एकाच कँपात जेवत होते. छोट्या डाव्या पक्षाला हे जमलं असतं का, याची शंकाच आहे.

पोलीस ॲक्शननंतर स्वामीजी सुटले. खरी अडचण तिथून सुरू झाली. निझाम हरला होता, तरी राजप्रमुख म्हणून गादीवरच राहिला. कारभार आधी लष्कराकडे आणि नंतर दिल्लीने नेमलेल्या वेल्लोडींकडे. लढलेल्यांना विचारतंय कोण! काँग्रेसमध्ये सरळ दोन गट पडले. स्वामीजींचा गट म्हणत होता की कसणाऱ्याला जमीन द्या आणि हैदराबाद राज्य भाषेप्रमाणे वाटून टाका. दुसऱ्या गटाला एवढी घाई नव्हती, आणि दिल्लीला तोच गट सोयीचा होता.

मग डाव्यांपुढे प्रश्न आला, आत राहायचं की बाहेर पडायचं? देशात समाजवाद्यांनी १९४८ मध्ये नाशिकला निर्णय घेऊन काँग्रेस सोडलीच होती. महाराष्ट्रात जेधे-मोरे यांनी शेतकरी कामगार पक्ष काढला. मराठवाड्यात गोविंदभाई श्रॉफ, अनंत भालेराव ही स्वामीजींची सगळ्यात जवळची माणसं काँग्रेसमधून बाहेर पडली. स्वामीजी राहिले. स्वभाव हे एक कारण असावं. स्वतः वाढवलेली संघटना दुसऱ्याच्या हाती देऊन निघून जाणं त्यांना जमणारं नव्हतं. पण मित्र गेल्यामुळे आतली त्यांची बाजू आणखी दुबळी झाली, हेही तितकंच खरं.

१९५२ च्या निवडणुकीत हैदराबाद विधानसभेच्या १७५ पैकी ९३ जागा काँग्रेसला मिळाल्या. कम्युनिस्टांच्या पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंटने ४२ घेतल्या. रावी नारायण रेड्डी नलगोंड्यातून लोकसभेवर गेले, तेही पंडित नेहरूंपेक्षा जास्त मतं घेऊन. विधानसभेत विरोधी पक्षनेते झाले व्ही. डी. देशपांडे, म्हणजे मराठी कम्युनिस्टच. आणि मुख्यमंत्री? बुर्गुला रामकृष्णराव. १९४६ मध्ये हरलेला माणूस मुख्यमंत्री झाला आणि जिंकलेला माणूस गुलबर्ग्याचा खासदार होऊन दिल्लीला गेला.

स्वामीजींचं गणित चुकलं असं इथे कुणीही म्हणेल. पण बाहेर पडलेल्यांनाही सत्ता मिळाली नव्हती. १९४९ मध्ये जहागिरी रद्द झाल्या आणि १९५० मध्ये कूळ कायदा आला. त्यामागे तेलंगणातल्या बंदुकांचा धाक होता आणि काँग्रेसच्या आतून लावलेला रेटाही होता. कुणाचा वाटा किती, हे मोजणं अवघड आहे. आणि कायदा झाला म्हणून जमीन हातात आली असंही नाही. कागदावर संरक्षित कूळ असलेल्या अनेकांना पाटील-देशमुखांच्या दबावाने हक्क सोडावा लागला. गावात त्यांच्या बाजूने उभी राहणारी डावी संघटना तोवर चार ठिकाणी विखुरली होती. आत किंवा बाहेर जाण्यापेक्षा ही फाटाफूटच कुळाला जास्त महागात पडली.

भाषावार राज्याची मागणी मात्र खरी झाली. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्य मोडलं. बीदर जिल्ह्याचे उदगीर, निलंगा, अहमदपूर तालुके मुंबई राज्यात गेले. औराद, भालकी, हुमनाबाद म्हैसूरकडे आले आणि सोबत इथली मराठी गावंही आली. ज्या मागणीसाठी स्वामीजी काँग्रेसमध्ये भांडले, तिनेच त्यांचा मतदारसंघ आणि त्यांचं काम दोन राज्यांत वाटून टाकलं. १९५७ मध्ये ते औरंगाबादमधून लोकसभेवर गेले. १९६२ नंतर निवडणुकीच्या राजकारणातून बाजूला झाले आणि खादी, शिक्षण यातच राहिले. १९६७ मध्ये हैदराबादच्या लढ्याच्या आठवणी इंग्रजीत पुस्तकरूपाने आल्या. २२ जानेवारी १९७२ रोजी हैदराबादेत त्यांचं निधन झालं. तोपर्यंत त्यांचा एक जुना कार्यकर्ता काँग्रेसमध्येच राहून आंध्रचा मुख्यमंत्री झाला होता. जमीनधारणेच्या कमाल मर्यादेचा कायदा लावायला निघाला आणि वर्षभरातच त्याला खुर्ची सोडावी लागली. त्याचं नाव पी. व्ही. नरसिंह राव.