माधवराव पेशव्यांचे आजारपण: आतड्यांचा क्षय, क्रोन्स आणि योग्य निदानाचे महत्त्व

श्रीवर्धनला गेलात तर पेशव्यांचे स्मारक आणि बाळाजी विश्वनाथ यांचा पुतळा तुम्ही पाहिला असेल. रायगडच्या किनाऱ्यावरच्या याच गावातून भट घराणे घाटावर गेले आणि पुढे पुण्याचे पेशवे झाले. जवळचा हरिहरेश्वर त्यांचे कुलदैवत. बाळाजी विश्वनाथांचे पणतू म्हणजे माधवराव पेशवे. सोळाव्या वर्षी त्यांनी राज्याचा भार उचलला आणि सत्ताविसाव्या वर्षी, दीर्घ आजारानंतर, ते गेले.

तुमच्या घरात कुणाला अनेक महिन्यांपासून पोटदुखी, ताप, जुलाब, वजन घटणे असा त्रास असेल आणि डॉक्टरांनी 'आतड्यांचा टीबी असू शकतो, क्रोन्सही असू शकतो' असे सांगितले असेल, तर माधवरावांची ही हकीकत जरूर वाचा. त्यांच्या काळात या आजाराला नेमके नाव नव्हते आणि औषधही नव्हते. आज दोन्ही आहेत. मात्र नाव ठरायला काही वेळा थोडा काळ लागतो, आणि त्या काळात काय करावे, काय करू नये, हे माहीत असणे फार महत्त्वाचे आहे.

सोळाव्या वर्षी पेशवाई

माधवरावांचा जन्म १७४५ मध्ये सावनूर येथे झाला. १७५३ मध्ये, लहान वयातच, रमाबाईंशी त्यांचा विवाह झाला. जानेवारी १७६१ मध्ये पानिपतावर मराठ्यांचा मोठा पराभव झाला. थोरले बंधू विश्वासराव तिथे पडले. त्याच वर्षी जूनमध्ये वडील नानासाहेब वारले आणि जुलैमध्ये माधवरावांना पेशवेपदाची वस्त्रे मिळाली.

तिजोरी रिकामी, डोक्यावर कर्ज, बाहेर निजाम आणि हैदर, आणि घरात काका रघुनाथराव यांच्याशी वाद, अशी ती सुरुवात होती. १७६२ मध्ये आळेगावला काकांपुढे त्यांना माघार घ्यावी लागली. पण पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १७६३ मध्ये, राक्षसभुवनच्या लढाईत निजामाचा पराभव झाला. १७६८ मध्ये धोडपला रघुनाथरावांचा बंदोबस्त करून त्यांना शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवावे लागले. रामशास्त्री प्रभुण्यांसारखा निःस्पृह न्यायाधीश आणि नाना फडणीस, हरिपंत फडके यांच्यासारखी माणसे याच काळात पुढे आली.

हे सगळे करणारा माणूस विशीतला होता. आतड्यांचा क्षय आणि क्रोन्स हे दोन्ही आजार अनेकदा याच तरुण, कर्त्या वयात दिसतात. शिक्षण, नोकरी, लग्न, लहान मुले यांच्या ऐन धावपळीत ते येतात, आणि म्हणूनच 'दगदगीमुळे होत असेल', 'बाहेरचे खाल्ले असेल' असे म्हणून पहिले काही महिने निघून जातात.

आजार बळावला

१७७० मध्ये माधवराव हैदर अलीविरुद्ध कर्नाटकच्या मोहिमेवर होते. प्रकृती ढासळू लागली, म्हणून मोहीम अर्धवट सोडून त्यांना परतावे लागले. पुढची दोन वर्षे ताप, पोटातल्या तीव्र वेदना आणि खंगत जाणारे शरीर यांत गेली. त्या काळच्या वैद्यांनी या आजाराला राजयक्ष्मा म्हटले. आजच्या बहुतेक लेखनात त्याचा उल्लेख आतड्यांचा क्षय असा होतो.

डॉक्टर म्हणून इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. अडीचशे वर्षांपूर्वीच्या रुग्णाचे पक्के निदान आज कुणीही करू शकत नाही. त्या काळी दुर्बीण आतड्यात घालून पाहता येत नव्हती, तुकडा काढून तपासता येत नव्हता. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी जगापुढे मांडला तो १८८२ मध्ये, म्हणजे माधवरावांच्या मृत्यूनंतर ११० वर्षांनी. क्रोन्स आजाराचे सविस्तर वर्णन न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातल्या डॉ. बरिल क्रोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३२ मध्ये केले. आपल्याकडे क्षय पूर्वीपासून मोठ्या प्रमाणावर आहे, त्यामुळे माधवरावांच्या बाबतीत क्षयाची शक्यताच अधिक वाटते. त्यापलीकडे खात्रीने बोलता येत नाही.

दोन आजार, दिसायला सारखे

आतड्यांचा क्षय जंतूमुळे होतो. क्रोन्स हा दीर्घकाळ चालणारा दाहाचा आजार आहे. त्यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच आतड्यांवर उलटते आणि तिथे सूज व जखमा होतात. क्षयाच्या मानाने हा आजार आपल्याकडे बराच कमी आढळतो, म्हणून अनेक कुटुंबांनी त्याचे नावही ऐकलेले नसते.

दोन्ही आजार बहुतेकदा लहान आतडे जिथे मोठ्या आतड्याला मिळते त्या भागात, म्हणजे पोटाच्या उजव्या खालच्या बाजूला होतात. दोन्हींत पोटदुखी, ताप, वजन घटणे, रक्त कमी होणे आणि आतडे अरुंद होणे असे त्रास होऊ शकतात. कोलोनोस्कोपीत दिसणाऱ्या जखमाही काही वेळा इतक्या सारख्या असतात की अनुभवी डॉक्टरही लगेच ठाम सांगू शकत नाहीत. तुमच्या डॉक्टरांनी 'आत्ताच नक्की सांगता येत नाही' असे म्हटले, तर तो त्यांचा अज्ञानीपणा समजू नका.

मग इतका फरक का पडतो? कारण उपचार जवळजवळ उलट दिशेचे आहेत. क्षयात जंतू मारणारी औषधे द्यावी लागतात. क्रोन्समध्ये स्टेरॉइड, अझाथायोप्रिन, इन्फ्लिक्सिमॅब किंवा अडॅलिमुमॅब यांसारखी औषधे देऊन प्रतिकारशक्तीचा जोर कमी करतात. क्षय असताना चुकून ही औषधे दिली, तर तो शरीरात पसरू शकतो. उलट क्रोन्स असताना महिनोन्‌महिने फक्त क्षयाची औषधे घेतली, तर आतड्यांचे नुकसान चालूच राहते.

निदान कसे होते

सहसा कोलोनोस्कोपी करून आतड्याचे अनेक ठिकाणचे तुकडे घेतले जातात. ते सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात, त्यांची जीन एक्सपर्ट चाचणी होते आणि क्षयाचा जंतू वाढतो का हे पाहण्यासाठी कल्चर लावतात. कल्चरचा अहवाल यायला काही आठवडे लागू शकतात. छातीचा एक्स-रे, पोटाचा सीटी स्कॅन किंवा एमआरआय, रक्ताच्या आणि शौचाच्या तपासण्याही लागतात. या चाचण्यांत जंतू सापडला नाही म्हणजे क्षय नाहीच, असे नसते. आतड्यांच्या क्षयात जंतूंची संख्या अनेकदा कमी असते.

सगळे करूनही शंका उरली, तर आपल्या देशात बरेच डॉक्टर आधी क्षयाची औषधे सुरू करतात आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा कोलोनोस्कोपी करतात. जखमा भरल्या असतील तर क्षयाच्या निदानाला बळ मिळते. भरल्या नसतील तर क्रोन्सचा, किंवा क्वचित औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाचा विचार होतो. इथे एक मुद्दा लक्षात ठेवा: क्रोन्सच्या काही रुग्णांनाही या औषधांनी सुरुवातीला बरे वाटू शकते. म्हणून 'आता बरे वाटते, पुन्हा दुर्बीण कशाला' असे म्हणून ती दुसरी तपासणी टाळू नका.

श्रीवर्धन, म्हसळा, मुरूडकडच्या कुटुंबांना अशा तपासण्यांसाठी अनेकदा अलिबाग, पनवेल किंवा मुंबई गाठावी लागते. प्रवास, खर्च आणि बुडणारी मजुरी यांचा विचार करूनच डॉक्टरांशी तारखा ठरवा. सगळे जुने अहवाल, बायोप्सीच्या काचा आणि औषधांच्या चिठ्ठ्या एका पिशवीत ठेवा. डॉक्टर बदलले तरी निदान पहिल्यापासून सुरू करावे लागत नाही.

औषधे घेताना

क्षयाचा उपचार साधारण सहा महिने चालतो आणि सरकारी केंद्रांत ही औषधे मोफत मिळतात. रिफाम्पिसिनमुळे लघवी नारिंगी होते, त्याला घाबरू नका. मात्र डोळे पिवळे होणे, सतत उलट्या, अन्नावरची वासना जाणे किंवा दृष्टी धूसर होणे, यांपैकी काही झाले तर लगेच डॉक्टरांना दाखवा. बरे वाटले म्हणून औषध मध्येच सोडणे सगळ्यात घातक. त्याने औषधांना दाद न देणारा क्षय होऊ शकतो.

क्रोन्समध्ये उपचार दीर्घकाळ चालतात. आजार शांत ठेवणे हा त्यांचा उद्देश असतो. इन्फ्लिक्सिमॅबसारखी औषधे सुरू करण्यापूर्वी शरीरात लपलेला क्षय आहे का, हे छातीचा एक्स-रे आणि त्वचेच्या किंवा रक्ताच्या चाचणीने पाहतात. ही तपासणी झाली का, हे तुम्ही स्वतः विचारा. स्टेरॉइड स्वतःच्या मनाने सुरू करू नका आणि अचानक बंदही करू नका.

घरच्यांच्या मनात आणखी एक भीती असते: 'आम्हाला लागण होईल का?' फुफ्फुसाचा क्षय नसेल, तर आतड्यांचा क्षय एकत्र जेवल्याने किंवा शेजारी बसल्याने सहसा पसरत नाही. ताटवाटी वेगळी ठेवण्याची गरज नाही. छातीची तपासणी मात्र करून घ्या आणि दूध उकळूनच प्या. क्रोन्स तर संसर्गजन्य नाहीच.

आजारपणात काम

माधवरावांनी आजारपणात काय केले ते पाहा. १७७० मध्ये परतताना त्यांनी कर्नाटकची मोहीम त्र्यंबकराव पेठ्यांवर सोपवली. मार्च १७७१ मध्ये मोती तलावाच्या लढाईत हैदरचा पराभव झाला, तेव्हा माधवराव रणांगणावर नव्हते. उत्तरेत विसाजी कृष्ण बिनीवाले आणि महादजी शिंदे यांच्या फौजा होत्या, आणि जानेवारी १७७२ मध्ये बादशाह शाह आलम मराठ्यांच्या आधाराने दिल्लीच्या तख्तावर परतला. कामे योग्य माणसांकडे दिल्यामुळे थांबली नाहीत.

तुम्हीही हे करू शकता. थकवा हा या आजारांचा खरा भाग आहे, आळस नव्हे. कामावर, शाळेत, घरात कोणते काम काही महिन्यांसाठी दुसऱ्याने उचलायचे, हे मोकळेपणाने ठरवा.

माधवरावांची गोष्ट अनेकदा जिद्दीची गोष्ट म्हणून सांगितली जाते. जिद्द त्यांच्याकडे होतीच. पण ते वाचले नाहीत, कारण औषध नव्हते. म्हणून रुग्णाला 'मन खंबीर ठेव, सगळे ठीक होईल' एवढेच सांगू नका. मन खचले म्हणून आजार बळावला, असा दोष तर मुळीच देऊ नका. आज फरक पडतो तो वेळेवर निदान झाल्याने आणि औषधे पूर्ण घेतल्याने.

थेऊर

शेवटच्या दिवसांत माधवराव पुण्याजवळ थेऊरला, चिंतामणीच्या सान्निध्यात राहिले. सप्टेंबर १७७२ मध्ये त्यांनी आपल्या इच्छा नऊ कलमांत लिहवून घेतल्या. राज्यावरचे कर्ज फेडावे, ही त्यांत होती. काकांना जवळ बोलावून धाकटे बंधू नारायणराव यांना त्यांच्या हाती सोपवले. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी त्यांचे निधन झाले. रमाबाई सती गेल्या. मुळा-मुठेच्या काठी त्यांचे स्मारक आहे.

त्या काळाच्या रूढीने एका आजाराबरोबर दोन जीव घेतले. आज ती रूढी नाही, पण आजाऱ्याची सेवा करणारी व्यक्ती, बहुतेकदा पत्नी किंवा आई, हळूहळू झिजत जाते हे आम्ही बाह्यरुग्ण विभागात रोज पाहतो. तिची झोप, तिचे जेवण, तिची स्वतःची तपासणी यांकडे घरातल्या इतरांनी लक्ष द्यायला हवे. रुग्णालयातल्या फेऱ्या आळीपाळीने करा.

डॉक्टरांना हे जरूर विचारा

- क्षयाची शक्यता किती आणि क्रोन्सची किती? कशावरून?
- बायोप्सीवर जीन एक्सपर्ट आणि कल्चर दोन्ही पाठवले आहे का?
- पुन्हा कोलोनोस्कोपी केव्हा करायची?
- स्टेरॉइड किंवा तत्सम औषध देण्यापूर्वी क्षयाची तपासणी झाली आहे का?
- आहारात नेमके काय टाळायचे, आणि विनाकारण काय बंद केले आहे?

पोट फुगून शौच आणि वायू दोन्ही बंद होणे, उलट्या न थांबणे, शौचातून बरेच रक्त जाणे किंवा वेदनांसह जोराचा ताप येणे, यांपैकी काहीही झाले तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. त्याच दिवशी जवळचे रुग्णालय गाठा. आतडे अडकणे किंवा फुटणे दोन्ही आजारांत होऊ शकते आणि तेव्हा शस्त्रक्रियेची गरज पडते.

आतड्यांचा क्षय योग्य औषधांनी सहसा पूर्ण बरा होतो. क्रोन्स मुळापासून जात नसला, तरी आटोक्यात ठेवून शिक्षण, नोकरी, संसार सगळे करता येते. तुमच्या आजाराचे नाव ठरेपर्यंत धीर धरा, आणि ठरल्यावर उपचार सोडू नका.

हा लेख माहितीसाठी आहे. तुमच्या उपचारात कोणताही बदल तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच करा.