आन्सेल्म पायेन : पेंढ्यातला सेल्युलोज ओळखणारा शास्त्रज्ञ



दिवाळीच्या सुमारास बदलापूर-अंबरनाथच्या खेड्यांत भात झोडून झालं की पेंढ्याच्या उडव्या दिसतात. या पेंढ्यापासून गाडीचं इंधन, म्हणजे इथेनॉल, होतं असं सांगितलं तर मुलांना पटत नाही. ते पटवायचं असेल तर पायेनची गोष्ट सांगावी.

आन्सेल्म पायेनचा जन्म ६ जानेवारी १७९५ रोजी पॅरिसला झाला. वडील कारखानदार. विज्ञानाचे पहिले धडे त्यांनीच दिले. पुढे टाकणखाराचा कारखाना त्याच्याकडे आला. टाकणखाराचा व्यापार तेव्हा डच लोकांच्या मुठीत होता. पायेनने सोडा आणि बोरिक आम्लापासून तो बनवला आणि त्यांच्यापेक्षा स्वस्त विकला. नंतर बीटसाखरेच्या धंद्यात शिरला.

१८३३ मध्ये पेर्सो या सहकाऱ्याबरोबर त्याने मोड आलेल्या बार्लीतून एक पदार्थ वेगळा काढला. तो पिष्टाची साखर करतो. नाव ठेवलं डायास्टेज. (आपण नाचणीला मोड आणून सत्त्व करतो ना, त्यातली गोडी अशीच येते.) असं वेगळं काढलेलं हे पहिलंच विकर.

१८३८ मध्ये वेगवेगळ्या वनस्पतींवर नायट्रिक आम्लाची क्रिया करून त्याला प्रत्येकीतून एकच तंतुमय पदार्थ मिळाला. तो म्हणजे सेल्युलोज. आपल्या शहाडच्या सेंच्युरी रेयॉनमध्ये ज्याचा धागा होतो तोच. गंमत म्हणजे त्याची घटकद्रव्यं आणि त्यांचं प्रमाण अगदी पिष्टासारखंच! मग पेंढ्याची साखर का होत नाही? कारण साखरेचे कण इथे वेगळ्या तऱ्हेने जोडलेले असतात, तिथे डायास्टेज चालत नाही. वर एक कडक लेपही असतो. तो पायेनलाही जाणवला होता. पुढे त्याला लिग्निन म्हणू लागले.

पायेन मे १८७१ मध्ये पॅरिसमध्येच वारला. सेल्युलोज फोडणारं विकर भरपूर देणारी बुरशी सापडली ती दुसऱ्या महायुद्धात, सैन्याचे सुती तंबू कुजवताना.

२०२२ मध्ये पानिपतला इंडियन ऑइलचा पेंढ्यापासून इथेनॉल करणारा कारखाना सुरू झाला. तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज कंपनीचं. तिथे पेंढा आधी सौम्य आम्ल आणि वाफेने मऊ करतात, मग विकर घालून साखर करतात, शेवटी यीस्टने आंबवतात. खर्च जास्त येतो तो पहिल्या दोन पायऱ्यांवर, आणि आजचं बरंचसं संशोधनही तिथेच चाललंय.