टिटागढचे गोलोकचंद्र

बराकपूर हे नाव ऐकताच १८५७ च्या मार्च महिन्यात तेथील छावणीत बंड पुकारणाऱ्या मंगल पांडे यांची आठवण होते. या घटनेच्या एकोणतीस वर्षे आधी बराकपूरला लागूनच असलेल्या टिटागढ गावच्या एका लोहाराने वेगळ्या प्रकारचा पराक्रम केला होता. कोणाही युरोपीय कारागिराच्या मदतीवाचून त्याने वाफेचे इंजिन घडवले. त्या लोहाराचे नाव गोलोकचंद्र. भारतातील यंत्रविद्येचा इतिहास लिहिणारे अभ्यासक आज त्यांचे नाव आदराने घेतात. त्यांचे चरित्र म्हणजे त्यांच्या हातून घडलेल्या या एका कामाची आणि ते काम ज्या परिसरात घडले, त्या परिसराची कथा होय.

कोलकात्याच्या उत्तरेस हुगळी नदीच्या पूर्व तीरावर बराकपूर वसले आहे. तेथे इंग्रजांची लष्करी छावणी होती आणि गव्हर्नर जनरलचे उपवनगृहही होते. समोरच्या तीरावरील श्रीरामपूर मात्र त्या काळी डॅनिश लोकांच्या ताब्यात होते. इ. स. १८०० मध्ये विल्यम कॅरी आणि त्यांचे सहकारी तेथे आले व त्यांनी छापखाना सुरू केला. मराठी वाचकांना श्रीरामपूरचे हे नाव परके नाही. कॅरी यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये आणि मराठी-इंग्रजी कोश १८१० मध्ये येथूनच प्रसिद्ध झाला. या कामी त्यांना पंडित वैजनाथ शर्मा यांचे साहाय्य लाभले होते. अनेक भारतीय भाषांची पुस्तके येथे छापली जात असल्यामुळे कागदाची गरज फार मोठी होती. हातकागदाला वाळवी व कसर लागे. म्हणून छापखान्याच्या चालकांनी कीड न लागणारा कागद स्वतःच तयार करण्याचे ठरवले.

कागदासाठी लागणारा लगदा करण्याचे यंत्र आरंभी माणसांच्या बळावर चालत असे. चाळीस चाळीस मजुरांच्या पाळ्या पायांनी चाक फिरवत. एके दिवशी या चाकावर अपघात होऊन एक मजूर मरण पावला. माणसाच्या पायांऐवजी वाफेचे बळ वापरावे, असा विचार या दुर्घटनेनंतर पुढे आला. राणीगंजच्या कोळसा-खाणींचे काम हाती घेणाऱ्या विल्यम जोन्स यांच्या उद्योगातून ही कल्पना सुचली होती. इंग्लंडमधील बोल्टन येथून बारा अश्वशक्तीचे इंजिन मागवण्यात आले. २७ मार्च १८२० रोजी ते प्रत्यक्ष चालू झाले. हे अग्नियंत्र पाहण्यासाठी आसपासच्या लोकांची इतकी झुंबड उडे, की ते चालवणारा यंत्रज्ञ अगदी त्रासून जाई. वाफेवर चालणारे यंत्र कधीही न पाहिलेले अनेक युरोपीयही त्याचा अभ्यास करण्यासाठी तेथे येत. गोलोकचंद्र यांनाही याच इंजिनापासून प्रेरणा मिळाली असावी, असे अभ्यासक मानतात.

पाहणे सोपे असते. घडवणे मात्र अवघड. वाफेच्या इंजिनाचे तत्त्व थोडक्यात सांगता येते. बाष्पपात्रात पाणी उकळते. तेथील वाफ नळकांड्यात शिरते आणि ज्याला आपण पिस्टन म्हणतो त्या दट्ट्याला ढकलते. दट्ट्याची ही मागेपुढे होणारी हालचाल दांड्याच्या आणि भुजेच्या योगाने चाकाच्या फिरण्यात बदलते. तत्त्व एवढे सरळ असले, तरी त्याची खरी परीक्षा मापांमध्ये असते. दट्ट्या सैल राहिला तर वाफ त्याच्या कडेने निसटून जाते. फार घट्ट बसला तर तो नळकांड्यात अडकतो. त्या काळी दट्ट्याभोवती चरबीत भिजवलेला अंबाडीसारख्या तागाचा दोर गुंडाळून ही फट बुजवीत. परंतु नळकांडेच आतून वाकडे असेल, तर कितीही दोर गुंडाळला तरी उपयोग होत नसे. जेम्स वॅट यांच्या इंजिनालासुद्धा यश आले, ते जॉन विल्किन्सन यांच्या यंत्रावर नळकांडी आतून नेमकी गोल कोरता येऊ लागल्यानंतरच.

दांड्याची लांबीही अशीच काटेकोर ठरवावी लागते. दट्ट्याची एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची धाव भुजेच्या लांबीच्या दुप्पट असते. भुजा अर्ध्या इंचाने वाढवली, तर दट्ट्याची धाव एक इंचाने वाढते. मग नळकांडे, दांडा आणि दट्ट्या यांची मापे पुन्हा जुळवावी लागतात. दांडा लांब झाला तर दट्ट्या नळकांड्याच्या झाकणावर आदळतो. आखूड झाला तर त्या टोकाला पोकळी उरते आणि तेवढी वाफ वाया जाते. आजही मोटारीच्या इंजिनाची ताकद वाढवण्यासाठी स्ट्रोक वाढवणारा मेकॅनिक पिस्टन व कनेक्टिंग रॉड निवडताना हेच गणित मांडतो. एकच भाग बदलून भागत नाही, कारण प्रत्येक भागाचे माप दुसऱ्या भागाशी बांधलेले असते.

गोलोकचंद्र यांचे इंजिन ही लहान आकाराची प्रतिकृती होती. आकार लहान म्हणून काम सोपे, असे मात्र नाही. यंत्राची सर्व मापे निम्मी केली, तर पृष्ठभाग एकचतुर्थांश होतो; परंतु आत मावणारी वाफ मात्र एकअष्टमांशच उरते. म्हणजे थोड्या वाफेला थंड करणारा पृष्ठभाग त्या मानाने जास्त राहतो आणि यंत्र लवकर थकते. ग्लासगो विद्यापीठातील एका इंजिनाची लहान प्रतिकृती दुरुस्त करताना वॅट यांना हीच अडचण आली आणि तिचा विचार करता करताच त्यांना पुढील शोधाची वाट सापडली. ज्या विषयाने विद्यापीठाच्या यंत्रकाराला विचार करायला लावले, तो विषय टिटागढच्या एका लोहाराने स्वतःच्या हिमतीवर हाताळला, हे विसरता येणार नाही.

कॅरी यांच्याच पुढाकाराने १८२० मध्ये कोलकात्यात कृषी आणि उद्यानविद्या यांसाठी एक संस्था स्थापन झाली होती. जानेवारी १८२८ मध्ये या संस्थेने टाऊन हॉलमध्ये प्रदर्शन भरवले. ते भाज्यांचे आणि फळांचे प्रदर्शन होते. उत्तम पीक काढणाऱ्या माळ्यांना तेथे बक्षिसे दिली जात. त्या सभेत गोलोकचंद्र यांचे इंजिन मांडण्यात आले. यंत्रे हा संस्थेचा विषय नव्हता. तरीही या कारागिराच्या कल्पकतेला उत्तेजन मिळावे, म्हणून त्यांना पन्नास रुपयांचे बक्षीस देण्यात आले. युरोपीय कारागिरांचे साहाय्य न घेता हे इंजिन तयार झाल्याची नोंदही संस्थेने केली. त्या नोंदीमुळेच गोलोकचंद्र यांचे नाव काळाच्या ओघात पुसले गेले नाही.

पाच वर्षांनंतर, १८३३ मध्ये, मुंबईत आर्देशीर खुर्शेटजी वाडिया यांनी एका अश्वशक्तीचे वाफेचे इंजिन तयार केले. वाडिया घराणे पिढ्यान्‌पिढ्या जहाजबांधणीत अग्रेसर होते. मुंबईची गोदी, तेथील अवजारे आणि अनुभवी माणसे आर्देशीर यांच्या दिमतीला होती. पुढे इंग्लंडला जाऊन त्यांनी अधिक ज्ञान संपादन केले. १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय होत. त्याच वर्षी मुंबईच्या वाफ-यंत्रांच्या सरकारी कारखान्यात ते मुख्य अभियंता झाले आणि इंग्रज कारागीर त्यांच्या हाताखाली काम करू लागले. आर्देशीर यांचे कर्तृत्व थोर होतेच. पण त्या कर्तृत्वाला उभे राहण्यासाठी जागाही मिळाली होती. गोलोकचंद्र यांच्या वाट्याला पन्नास रुपये आले, कारखाना आला नाही. भाज्या-फळांच्या प्रदर्शनात त्यांचे यंत्र पाहुणे म्हणून आले होते. कारागिराच्या बुद्धीला हक्काचे घर ठरेल अशी संस्था तेव्हा उभी राहिली नव्हती.

पुढे १८८२ मध्ये याच टिटागढला कागदाची मोठी गिरणी निघाली. हुगळीच्या दोन्ही काठांवर तागाच्या गिरण्यांची धुराडी उभी राहिली. तेथील इंजिने प्रामुख्याने परदेशांतून येत आणि ती चालती ठेवण्याचे काम येथील असंख्य हात करीत. त्या हातांचे कौशल्य सर्वांना दिसत होते; त्यांच्या कौशल्यामागे विचार आहे, हे मात्र फार थोड्यांनी ओळखले.

शिक्षण शाळेच्या चार भिंतींतच मिळते असे नाही. निरीक्षण करावे, मापे घ्यावीत, चुकलेला भाग पुन्हा घडवावा आणि जुळेपर्यंत थांबू नये, हीदेखील अभ्यासाचीच रीत आहे. गोलोकचंद्र यांच्या इंजिनाने ही रीत १८२८ मध्येच सिद्ध करून दाखवली. अशा हातांना केवळ बक्षीस देऊन समाजाचे कर्तव्य संपत नाही. त्यांच्या भात्यातला विस्तव पेटता राहील, असे काम, साधने आणि मान त्यांना द्यावा लागतो.