फातिमा शेख : एक छायाचित्र आणि एक पत्र



९ जानेवारी आली की फातिमा शेख यांची जयंती म्हणून एक जुने छायाचित्र फलकावर लागते. दोन स्त्रिया शेजारी बसलेल्या, सोबत मुली. एक सावित्रीबाई फुले, दुसऱ्या फातिमा शेख, असे खाली लिहिलेले असते. तुम्हीही ते खरे मानून पुढे गेला असाल. आज जरा थांबून पाहा.

सावित्रीबाईंचे नाव या चित्राला विचार करून दिलेले आहे. जुन्या ‘मजूर’ नियतकालिकात त्यांचे म्हणून एक चित्र आले होते. त्या चेहऱ्याशी या समूहातील चेहरा ताडून पाहिला गेला. डॉ. मा. गो. माळी यांनी संपादिलेल्या सावित्रीबाईंच्या समग्र वाङ्मयात (१९८८) ही हकीकत आहे.

म्हणजे ओळख पटवायला दोन चित्रे लागतात, आणि त्यांतले एक तरी नक्की कोणाचे ते ठाऊक असावे लागते. मग कानाची ठेवण, नाकाचा बांधा, डोळ्यांमधले अंतर, हनुवटी यांचा मेळ घालता येतो. तरीही फसगत होतेच. त्या काळच्या काचेवर तांबडा रंग काळा उतरे, त्यामुळे सावळा चेहरा अधिकच काळवंडे. आमच्याच घरातील एका लग्नाच्या फोटोत आजी कोणती, यावर माझ्या दोन आत्यांचे अजून एकमत नाही!

फातिमाबींचे ताडून पाहण्याजोगे दुसरे चित्र मात्र नाही. सावित्रीबाईंच्या शेजारी बसलेली ती त्यांची सोबतीण असावी, आणि सोबतीण म्हणून फातिमाचे नाव ठाऊक आहे, एवढाच तर्क. तो चुकीचाच असेल असे नाही, पण तो चेहऱ्यावरून काढलेला नाही. जयंतीच्या तारखेलाही जुन्या कागदाचा आधार दाखविता येत नाही.

मग फातिमाबींचे आपल्या हाती काय उरते? १८४८ साली फुले दांपत्याने पुण्यात मुलींची शाळा काढली. पुढल्याच वर्षी त्यांना घर सोडावे लागले, तेव्हा उस्मान शेख यांनी त्यांना आपल्या घरी आसरा दिला, फातिमा ही त्यांची बहीण आणि पुढे ती शाळेत शिकवू लागली, असे परंपरेने सांगतात. १० ऑक्टोबर १८५६ रोजी सावित्रीबाई आजारी होऊन नायगावी माहेरी होत्या. तेथून त्यांनी जोतीरावांना पत्र लिहिले. बरे वाटताच आपण पुण्यास येऊ, तोवर फातिमेला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, असा त्यातील आशय आहे.

सहशिक्षक रजेवर गेला की त्याचे तास कोणाच्या अंगावर पडतात, हे आम्हां शिक्षकांना चांगले ठाऊक आहे. म्हणून मला ते वाक्य छायाचित्राहून मोलाचे वाटते. २०२५ च्या जानेवारीत एका लेखकाने फातिमा शेख ही व्यक्तीच आपण रचली, असा दावा केला. हे पत्र १९८८ पासून छापील आहे, ग्रंथालयात मागून पाहा.

यंदा माझ्या वर्गात चित्राखाली फातिमाबींच्या नावापुढे ‘बहुधा’ लिहिले. एका मुलीने विचारले, सर, खात्री नाही तर चित्र काढून का टाकत नाही? चित्र ठेवले आहे. शेजारी पत्राची तारीख तिच्याकडूनच लिहून घेतली.