मेरी चर्च टेरेल

१९५० च्या सुरुवातीची गोष्ट. शहाऐंशी वर्षांच्या एक बाई काही सहकाऱ्यांसह वॉशिंग्टनच्या थॉम्पसन उपाहारगृहात शिरल्या. निग्रो गिऱ्हाइकांना तेथे वाढत नसत, हे त्यांना ठाऊक होते. म्हणूनच तर त्या गेल्या होत्या!

मेरी चर्च टेरेल यांचा जन्म १८६३ चा, मेम्फिसचा. आईवडील गुलामगिरीत जन्मलेले. पुढे वडील धनाढ्य झाले. १८८४ मध्ये ओबर्लिन कॉलेजातून मेरी पदवीधर झाल्या. मुलीने नोकरी धरलेली वडिलांना रुचली नाही, तरी त्या शिक्षिका झाल्याच. १८९२ मध्ये मेम्फिसला त्यांचे बालमित्र टॉम मॉस यांना गोऱ्या जमावाने ठार केले. सुखवस्तू घरात स्वस्थ बसणे मग त्यांना शक्यच नव्हते. १८९६ मध्ये निग्रो स्त्रियांच्या राष्ट्रीय महासंघाच्या त्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. कामावर जाणाऱ्या आयांच्या मुलांसाठी पाळणाघरे, बालवाड्या हे महासंघाचे खरे काम, भाषणे त्यानंतर. अर्थात भाषणातही त्या कमी नव्हत्या. १९०४ मध्ये बर्लिनच्या महिला परिषदेत त्या चक्क जर्मनमधून बोलल्या.

थॉम्पसनचा खटला तीन वर्षे चालला. भेदभावाला बंदी करणारे १८७२ व १८७३ चे कायदे कधी रद्दच झाले नव्हते, केवळ विस्मरणात गेले होते. दरम्यान काठी टेकीत त्या इतर दुकानांपुढे निदर्शने करीत राहिल्या. ८ जून १९५३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कायदे ग्राह्य ठरविले. थोड्याच दिवसांत त्या थॉम्पसनमध्ये पुन्हा गेल्या आणि जेवल्या. पुढच्याच वर्षी, जुलैमध्ये, त्यांचे निधन झाले.