रॉबर्ट जॉन्सन : दंतकथेमागचा गायक

‘फॉलआउट’ मालिकेतील व्हिडिओ गेम खेळताना जुन्या गाण्यांचा रेडिओ ऐकता येतो. हौशी खेळाडू मूळ गेममध्ये स्वतः भर घालतात; तिला ‘मॉड’ म्हणतात. अशा मॉडमधून त्या रेडिओवर जुने ब्लूजही ऐकू येऊ लागले. अमेरिकेतील कृष्णवर्णीय कष्टकऱ्यांच्या या संगीतातील एक अग्रगण्य नाव म्हणजे रॉबर्ट जॉन्सन.

जॉन्सनचा जन्म १९११ साली मिसिसिपी राज्यातील हेझलहर्स्ट येथे झाला. १९३० मध्ये त्याची तरुण पत्नी व मूल बाळंतपणातच दगावले. त्या सुमारास त्याचे गिटारवादन जाणत्या वादकांना ऐकवत नसे. काही काळाने तो परतला, तेव्हा तेच वादक थक्क झाले. मध्यरात्री चौरस्त्यावर त्याने सैतानाला आत्मा विकला, अशी दंतकथा पुढे रूढ झाली. वस्तुतः आइक झिमरमन या वादकाकडे तो शिकला होता. रात्री दोघे कब्रस्तानात सरावाला बसत. दंतकथा मोहक खरी, परंतु या मेहनतीचे सारे श्रेय ती सैतानाला देऊन मोकळी होते.

१९३६ साली सॅन अँटोनिओ व १९३७ साली डॅलस येथे त्याची २९ गाणी ध्वनिमुद्रित झाली. १६ ऑगस्ट १९३८ रोजी, अवघ्या २७व्या वर्षी, ग्रीनवुडजवळ त्याचे निधन झाले. त्याच वर्षी संगीतनिर्माता जॉन हॅमंड न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमधील कार्यक्रमासाठी त्याचा शोध घेत होता. हाती आली ती मृत्यूची वार्ता. डिसेंबरमध्ये त्या रंगमंचावरून हॅमंडने श्रोत्यांना जॉन्सनच्या ध्वनिमुद्रिका ऐकवल्या.