कल्पना चावला : मधली पाच वर्षे

कल्पना चावला हे नाव आपण सर्वांनी शाळेत ऐकले आहे. तिच्यावरच्या भाषणांत दोनच तारखा हमखास असतात : ती अंतराळात गेली तो दिवस आणि ती परतली नाही तो दिवस. मला मात्र या दोन तारखांच्या मधली कल्पना अधिक जवळची वाटते.

हरियाणातील कर्नाल हे तिचे गाव. फाळणीत पश्चिम पंजाबातून निर्वासित होऊन आलेल्या कुटुंबात १७ मार्च १९६२ रोजी तिचा जन्म झाला. चंदीगडच्या पंजाब अभियांत्रिकी महाविद्यालयात तिने विमानविद्येची शाखा निवडली. हा विषय मुलींचा नव्हे, असे समजावणारे भेटले. तिने ऐकले नाही. १९८२ साली पदवी घेऊन ती अमेरिकेस गेली आणि १९८८ साली कोलोरॅडो विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. १९९४ च्या डिसेंबरात ‘नासा’ने तिची अंतराळवीर म्हणून निवड केली. १९ नोव्हेंबर १९९७ रोजी ‘कोलंबिया’ यानातून ती झेपावली. भारतात जन्मलेली ती पहिली अंतराळयात्री स्त्री!

पण त्या पहिल्याच सफरीत घोटाळा झाला. सूर्याचा अभ्यास करणारा ‘स्पार्टन’ उपग्रह यंत्रहाताने अंतराळात सोडण्याचे काम तिच्याकडे होते. सोडल्यावर त्याने ठरलेले वळण घेतले नाही, आणि पुन्हा पकडू जाता तो निसटून गरगरू लागला. शेवटी दोन सहकाऱ्यांनी यानाबाहेर जाऊन तो हातांनी धरला. साऱ्या जगाची बोटे कल्पनाकडे वळली. पाच महिने चौकशी चालली. दोष तिचा एकटीचा नव्हता, संगणक-प्रणालीत आणि ठरवून दिलेल्या कार्यपद्धतीत उणिवा होत्या, असे निष्पन्न झाले. ती कामावर टिकून राहिली, आणि २००० साली दुसऱ्या सफरीसाठी तिची निवड झाली.

हे मी वाचले ते गेल्या वर्षी, प्रथम वर्षाला माझा इंग्रजीचा पेपर राहिला तेव्हा. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली. एटीकेटी म्हणजे काय, हे घरी समजावता येईना. नापास हा एकच शब्द त्यांच्या ओळखीचा. पुढची फी भरायची की नाही, यावर आठवडाभर बोलणे चालले होते. वाचनालयात बसून मी त्या पाच महिन्यांचा विचार करीत राहिले. घरी जाऊन एवढेच म्हटले, की मला पुन्हा बसू द्या. वडिलांनी फी भरली. पेपर सुटला.

कल्पनाची दुसरी सफर १६ जानेवारी २००३ रोजी सुरू झाली. सोळा दिवस सातही जणांनी अहोरात्र प्रयोग केले. परंतु उड्डाणाच्या वेळीच इंधनटाकीवरील फेसाचा तुकडा निखळून यानाच्या डाव्या पंखावर आदळला होता. १ फेब्रुवारीस परतताना त्या भगदाडातून तप्त वायू आत शिरले आणि टेक्सासच्या आकाशात यानाचे तुकडे झाले. कोणीच वाचले नाही.

त्याच महिन्यात भारताने आपल्या हवामान-उपग्रहाला ‘कल्पना-१’ हे नाव दिले. पुढे कित्येक वर्षे तो ढगांची छायाचित्रे पाठवीत होता. मी लहान असताना वडील पेरणीच्या दिवसांत बातम्या संपेपर्यंत टीव्हीपुढे बसत, ते त्या ढगांसाठीच. त्यातली काही चित्रे कल्पनाच्या नावाच्या उपग्रहाने टिपलेली असतील, हे मी त्यांना यंदा सांगितले. ते काही बोलले नाहीत. पण माझ्या पुस्तकातला तिचा फोटो त्यांनी बराच वेळ पाहिला.